कै. ताराबाई मोडक व अंगणांतील शाळा

नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत असें खेडें क्वचितच सांपडेल कीं जेथें अंगणवाडी हा शब्द ठाऊक नाहीं. या अंकाच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं आपल्या आयुष्यांतील पहिला धडा अशाच एखाद्या अंगणवाडींत गिरविला असेल. कित्येकांच्या माता तेथें सेविका म्हणून कामहि करीत असतील. परंतु हा शब्द कोणामुळें रूढ झाला, आणि शाळेला अंगणांत कां जावें लागलें, असें विचारलें तर बहुतेकांस उत्तर देतां येणार नाहीं. ज्या बाईंनीं हें काम आरंभिलें त्यांचें चरित्र आज आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवीत आहों. मुलाच्या हाताला काम मिळाल्यावांचून त्याच्या बुद्धीला खरें खाद्य मिळत नाहीं, ही गोष्ट त्यांनीं आपल्या आयुष्याचीं पन्नास वर्षें वेंचून सिद्ध केली; आणि तिची आठवण ठेवण्याची आज आमच्या या भागास विशेष गरज आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजीं मुंबई येथें झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे एक प्रमुख कार्यकर्ते होते. मुलींनीं शाळेंत जावें कीं नाहीं याविषयीं इतरत्र अजून वाद चालत असतां या घरांत त्याविषयीं शंका नव्हती. ताराबाई इंग्रजी शाळेंत शिकल्या, महाविद्यालयांत गेल्या, आणि १९१४ सालीं मुंबई विश्वविद्यालयाच्या पदवीधर झाल्या. पुढें अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशीं त्यांचा विवाह झाला व त्या वऱ्हाडांत राहावयास गेल्या. तो संसार टिकला नाहीं. १९२१ सालीं पतिपत्नी विभक्त झालीं, आणि लहान मुलीला घेऊन ताराबाईंना स्वतःच्या पायांवर उभें राहावें लागलें. त्या काळीं अशा स्त्रीला, ती कितीहि सुशिक्षित असली तरी, लोकांचे काय काय बोल ऐकावे लागत असतील याची कल्पना करणें कठीण नाहीं.

राजकोट येथें शिक्षिका तयार करणारें बार्टन महाविद्यालय होतें. त्याच्या प्रमुखपदावर ताराबाईंची नेमणूक झाली. पद मानाचें होतें. परंतु आपल्या लहानग्या मुलीचें शिक्षण कसें करावें हा प्रश्न त्यांच्या मनांतून जाईना. पाढे व कविता घोकून घेणारी, आणि चुकल्यास हातावर छडी मारणारी जी शाळा तेव्हां सर्वत्र दिसे, तींत मुलीला घालावें असें त्यांना वाटेना. अशा वेळीं भावनगर येथील दक्षिणामूर्ति संस्थेंत चाललेल्या एका नव्या प्रयोगाची वार्ता त्यांच्या कानीं आली, आणि १९२३ सालीं त्या त्या प्रयोगांत सामील झाल्या.

हा प्रयोग गिजुभाई बधेका यांचा होता. गिजुभाई मूळचे वकील. मुलांच्या शिक्षणाच्या ध्यासानें त्यांनीं वकिली सोडली व १९२० सालीं भावनगरला बालमंदिर उघडलें. त्यांना वाट दाखविली होती ती मारिया माँटेसरी या इटालियन विदुषीनें. माँटेसरीबाई शिक्षणानें डॉक्टर. १९०७ सालीं रोम शहरांतील गरीब मजुरांच्या वस्तींत त्यांनीं लहान मुलांसाठीं एक घर उघडलें. तेथें त्यांच्या असें लक्षांत आलें कीं तीन-चार वर्षांचें मूल उपदेशानें शिकत नाहीं. तें वस्तु हाताळून शिकतें. म्हणून मुलांच्या हातीं देण्यासाठीं त्यांनीं विशिष्ट साधनें तयार केलीं. त्यांपैकीं एकाचें वर्णन येथें करितों. लांकडाच्या एका लांबट ठोकळ्यास दहा भोंकें असतात व त्यांत दहा दट्टे बसतात. प्रत्येक दट्टा शेजारच्यापेक्षां किंचित् जाड किंवा बारीक असतो. मूल सर्व दट्टे बाहेर काढतें व पुन्हां जागच्या जागीं बसवूं लागतें. एखादा बारीक दट्टा मोठ्या भोंकांत गेला, तर शेवटीं उरलेला जाड दट्टा उरलेल्या भोंकांत कांहीं केल्या बसत नाहीं. मूल थबकतें, पाहतें, सारें पुन्हां काढतें, व आपली चूक आपणच दुरुस्त करितें. शिक्षकाला रागवावें लागत नाहीं, कारण चूक वस्तूनेंच दाखविलेली असते. विद्यार्थिमित्रहो, ही एवढीशी गोष्ट नीट ध्यानांत ठेवा. ताराबाईंच्या सर्व कार्याचें बीज तींत आहे.

गिजुभाईंच्या सहवासांत ताराबाईंनीं सुमारें नऊ वर्षें काढलीं. मोठ्या विद्यार्थिनींना शिकविण्याची योग्यता असलेली ही पदवीधर स्त्री तीन-तीन वर्षांच्या मुलांबरोबर जमिनीवर बसून त्यांचें निरीक्षण करूं लागली. मूल कशांत रमतें, कोठें अडतें, केव्हां कंटाळतें, हें पाहणें हाच त्यांचा अभ्यास झाला. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, आणि शिक्षणपत्रिका या मासिकाच्या द्वारें बालशिक्षणाचे हे विचार प्रथम गुजराती व पुढें मराठी घरांत जाऊं लागले. मराठी पत्रिकेचा भार ताराबाईंनीं वाहिला. मुलाला मारूं नये, भीति घालूं नये, लालूच दाखवूं नये, त्याच्या हाताला काम द्यावें, हे विचार आज आपल्याला साधे वाटतात. परंतु ज्या काळीं छडीवांचून विद्या येत नाहीं असें आईबापहि मानीत, त्या काळीं ते मांडण्यास धैर्य लागत होतें.

भावनगर सोडून ताराबाई मुंबईस परतल्या, व १९३६ सालीं त्यांनीं दादर येथें शिशुविहार ही संस्था उभी केली. मुलांसाठीं बालमंदिर व शिक्षिकांसाठीं शिक्षण अशी कामाची जोडी तेथें जमली, आणि ताराबाईंचें नांव महाराष्ट्रांत सर्वत्र झालें. दुसरें कोणी असतें तर एवढ्या यशावर संतुष्ट राहिलें असतें. परंतु दादरच्या बालमंदिरांत येणारीं मुलें बहुधा शिकलेल्या मध्यम वर्गाचीं असत. तेथील साधनें मोजून-मापून कातलेलीं, गुळगुळीत, रंगविलेलीं. त्यांचा एक संच विकत घ्यावयाचा म्हटलें तरी खेड्यांतील शाळेस तें झेपणारें नव्हतें. जी पद्धति मजुरांच्या वस्तींत जन्मास आली, ती आपल्या देशांत येऊन सुखवस्तु घरांची झाली होती. याच सुमारास, १९३७ सालीं, महात्मा गांधींनीं वर्धा येथील परिषदेंत आपली शिक्षणयोजना मांडली. सात वर्षांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस एखाद्या हस्तव्यवसायाच्या द्वारें सर्व विषय शिकवावे, अशी ती योजना होती. मग सात वर्षांच्या आधींचें काय? आणि ज्या खेड्यांत शाळेचें छप्परहि धड नाहीं, तेथील मुलांनीं हीं महाग साधनें कोठून आणावीं? या प्रश्नांनीं ताराबाईंस स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

१९४५ च्या अखेरीस त्यांनीं मुंबईचें स्थिर जीवन सोडलें व बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलें. त्या वेळीं त्यांचें वय त्रेपन्न वर्षांचें होतें. ज्या वयांत माणसें निवृत्तीचे हिशेब मांडूं लागतात, त्या वयांत त्यांनीं नवें काम हातीं घेतलें. बोर्डी हें गांव समुद्रकांठीं आहे. तेव्हां तें ठाणें जिल्ह्यांत होतें, आतां पालघर जिल्ह्यांत मोडतें. तेथें अनुताई वाघ या त्यांच्या जन्माच्या सहकारी झाल्या. अनुताईंना तेराव्या वर्षीं वैधव्य आलें होतें. मोठ्या जिद्दीनें शिकून त्या शिक्षिका झाल्या होत्या. या दोन स्त्रियांच्या जोडीनें पुढें जें काम केलें त्यास भारतीय शिक्षणाच्या इतिहासांत तोड नाहीं, असें आम्हांस वाटतें.

बालवाडी निघाली, परंतु ज्यांच्यासाठीं ती काढली तीं मुलें येईनात. हरिजनांच्या व आदिवासींच्या पाड्यांतील मुलें दारांतूनच पळून जात. कोणाच्या कडेवर धाकटें भावंड असे, कोणाच्या अंगावर वस्त्र नसे. कोणाला गांवांतल्या इतर मुलांशेजारीं बसण्याची भीति वाटे, आणि ती निष्कारण होती असें म्हणवत नाहीं. आईबाप पहाटेच कामास गेलेले. अशा वेळीं पुष्कळ शिक्षक म्हणतात कीं या लोकांना शिक्षणाची आवडच नाहीं. ताराबाईंनीं तसें म्हटलें नाहीं. मूल शाळेंत येत नसेल तर शाळेनें मुलाकडे जावें, असें त्यांनीं ठरविलें. पाड्यांतल्या एखाद्या घरासमोरचें अंगण झाडून घ्यावें, मुलें गोळा करावीं, त्यांना आंघोळ घालावी, केंस विंचरावे, नखें कापावीं, आणि मग तेथेंच गाणीं, गोष्टी व खेळ सुरू करावे, असा क्रम पडला. हीच ती अंगणवाडी.

आतां अंगणांत शिक्षिका पोंचली. पण साधनांचें काय? ताराबाईंनीं आजूबाजूला पाहिलें. समुद्राच्या वाळूंत शंख-शिंपले होते. रानांत बिया, पानें, फुलें, काटक्या व पक्ष्यांचीं पिसें होतीं. ओढ्यांत गुळगुळीत गोटे होते. आणि माती तर सर्वत्रच होती. माँटेसरीबाईंच्या साधनांचें तत्त्व त्यांनीं ठेवलें, आणि त्यांचें लांकूड व रंग सोडून दिले. लहानमोठे शिंपले क्रमानें मांडावयाचे म्हटले तरी डोळा व हात यांची तीच कसोटी लागते जी त्या कातीव दट्ट्यांनीं लागते. मुलांपुढें आलेल्या वस्तु त्यांच्या ओळखीच्या असल्यामुळें तीं बुजलीं नाहींत; आणि साधन फुकट असल्यामुळें तें मोडेल म्हणून शिक्षिकेनें कपाटांत कुलूप लावून ठेवण्याचेंहि कारण उरलें नाहीं.

हें तत्त्व आमच्या मराठवाड्यास किती सहज लागू पडतें तें पाहा. आमच्याकडे समुद्र नाहीं, परंतु नांदेडला गोदावरी आहे व लातूर जिल्ह्यांतून मांजरा वाहते. त्यांच्या पात्रांत गोट्यांस व वाळूस तोटा नाहीं. घरोघर चिंचोके आहेत. दहा दहा चिंचोक्यांच्या पुड्या बांधल्या व दहा पुड्यांची एक पिशवी केली, म्हणजे एकक, दशक व शतक हीं मुलाच्या हातांत येतात; मग फळ्यावरची हातच्याची वजाबाकी त्यास कोडें वाटत नाहीं, कारण हातचा घेणें म्हणजे एक पुडी सोडणें हें त्यानें केलेलें असतें. ज्वारीच्या धांड्यांच्या गाड्या तर आमचीं खेड्यांतलीं मुलें पिढ्यान्‌पिढ्या करीत आलीं आहेत. दोन करवंट्या, थोडा दोरा व एक काटकी यांचा तराजू होतो. आणि दोरा मध्यापासून जरा सरकला कीं तो खोटें बोलूं लागतो, हें मूल कोणी न सांगतां शोधून काढतें.

१९५७ सालीं ताराबाई आपलें केंद्र घेऊन बोर्डीजवळच्या कोसबादच्या टेकडीवर गेल्या. तेथील वस्ती वारली आदिवासींची. दारिद्र्य बोर्डीहूनहि अधिक. येथें त्यांना आणखी एक अडचण दिसली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेंत येत नसे, कारण घरीं तिला धाकट्या भावंडाला सांभाळावें लागे. ताराबाईंनीं पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत आणलीं, आणि त्या योजनेस विकासवाडी असें नांव दिलें. तान्हें मूल पाळणाघरांत राही, मधलें बालवाडींत जाई, आणि थोरली बहीण निर्धास्तपणें शाळेंत बसे. जीं मुलें गुरें राखीत त्यांच्यासाठीं शाळा कुरणावर गेली. तिला कुरणशाळा म्हणत. गुरें चरत असत आणि मुलें तेथेंच झाडाखालीं शिकत. एका अडचणीस एक उपाय, अशा रीतीनें या बाईंची बुद्धि चाले. मोठ्या इमारतीची वाट पाहत त्या कधीं बसल्या नाहींत.

१९६२ सालीं भारत सरकारनें त्यांना पद्मभूषण ही पदवी देऊन गौरविलें. ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं त्यांचें देहावसान झालें. योगायोग असा कीं ३१ ऑगस्ट हाच माँटेसरीबाईंचा जन्मदिवस होय. कोसबादचें काम अनुताईंनीं पुढें १९९२ सालीं मृत्यु येईपर्यंत चालविलें. ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, भारत सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना आरंभिली. ती प्रथम देशांतील अवघ्या ३३ ठिकाणीं होती. आज ती देशभर पसरली आहे, आणि तिच्या केंद्रांस अंगणवाडी हेंच नांव आहे. बोर्डीच्या एका पाड्यांतील झाडलेल्या अंगणापासून निघालेला हा शब्द अशा रीतीनें किनवटच्या डोंगरांतहि पोंचला व निलंग्याच्या काळ्या रानांतहि पोंचला.

येथवर चरित्र झालें. आतां पालकांशीं दोन शब्द बोलतों.

परीक्षेंतील यशासाठीं आमचा हा भाग आज सर्व महाराष्ट्रांत ओळखला जातो. लातूर पॅटर्न हे शब्द दूरदूरच्या जिल्ह्यांतील आईबापांच्या तोंडीं आहेत, आणि वैद्यकीय व अभियांत्रिकी प्रवेशपरीक्षांसाठीं बाहेरगांवचीं मुलें लातूर व नांदेड येथें येऊन राहतात. कोरडवाहू शेतीवर पोट असलेल्या कुटुंबांनीं आपल्या मुलांस अभ्यासाच्या बळावर वर काढलें, ही अभिमानाची गोष्ट आहे. तिला कोणी नांवें ठेवूं नयेत. परंतु त्या परीक्षेची छाया आतां पहिली-दुसरीच्या वर्गावरहि पडूं लागली आहे. सहा वर्षांच्या मुलानें मातींत हात घातला तर वेळ वायां गेला असें म्हणणारे पालक आम्हांस भेटतात. आणि शाळेनें एखादा प्रकल्प करावयास सांगितला तर काय होतें, तें आपण सारेच जाणतों. बाजारांतून तयार थर्माकोल येतो, वडील कापतात, आई चिकटविते, ताई नांव लिहिते, आणि ज्याचा प्रकल्प तो मुलगा निजलेला असतो. दुसऱ्या दिवशीं त्याला शाबासकी मिळते. परंतु त्याचे हात कोरेच राहिलेले असतात.

ताराबाई पुस्तकाच्या शत्रु नव्हत्या. त्यांनीं स्वतः पुष्कळ लिहिलें. त्यांचें म्हणणें एवढेंच होतें कीं अनुभव आधीं यावा व शब्द मागून यावा. हें केवळ बालवाडीपुरतें खरें नाहीं. चौथीच्या मुलापुढें एक सेल, वायरचे दोन तुकडे व एक लहान बल्ब ठेवा. पहिल्या प्रयत्नांत बल्ब बहुधा लागत नाहीं. मग मूल वायरचें टोक तासतें, सेल उलटा करून पाहतें, बल्बच्या तळाशीं व कडेशीं वायर लावून पाहतें. आणि जेव्हां उजेड पडतो तेव्हां वीज पूर्ण वळसा घालूनच वाहते हें त्याला कायमचें कळतें. येथेंहि चूक शिक्षकानें दाखविलेली नसते. न लागलेल्या बल्बनें दाखविलेली असते. शंभर वर्षांपूर्वींच्या त्या दट्ट्यांचें व आजच्या या वायरींचें तत्त्व एकच आहे. जें मूल अशा रीतीनें स्वतःची चूक शोधावयास शिकतें तें चुकीला भीत नाहीं. आणि आम्हां शिक्षकांस असें दिसून आलें आहे कीं परीक्षेच्या दालनांतहि तेंच मूल शांत असतें. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंहि सहावी ते आठवीच्या मुलांनीं दहा दिवस दप्तराविना यावें व सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांजवळ काम शिकावें, असें सुचविलें आहे. ही वाट ताराबाईंनीं फार आधीं मळून ठेविली होती.

तेव्हां पालकांस आमची विनंति मोठी नाहीं. येत्या पोळ्याला मुलासाठीं बाजारांतून बैलजोडी विकत आणूं नका. शेतांतली घमेलेंभर काळी माती त्याच्यापुढें ठेवा, पाणी द्या, आणि आपण दूर बसा. बैल होईल, परंतु वाळतां वाळतां त्याचा पाय तडकेल, कारण आमची काळी माती भिजली म्हणजे फुगते व वाळली म्हणजे आकसते. उन्हाळ्यांत शेताला भेगा पडतात त्या याचमुळें. मूल हिरमुसेल. त्या वेळीं त्याच्या हातांतून माती घेऊन तुम्ही नवा बैल करूं नका. त्याला विचारूं द्या, मातींत थोडी वाळू किंवा राख मिसळून पाहूं द्या, पुन्हां मळूं द्या. दुसरा बैल कदाचित् वाकडा होईल. पण तो चार पायांवर उभा राहील, आणि तो त्या मुलाचा स्वतःचा असेल.